एक डोळा, एक फडकं

पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्याखाली तांबूस रेघ दिसली की मी आजही मालकाला आधी त्याचं पाणी प्यायचं भांडं घेऊन यायला सांगतो. मालक गोंधळतात. कुत्रं आणलंय ना, मग भांडं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. काही जण हसतात. मी हसत नाही, कारण ही सवय माझी नाही. ती कौसाबाईंची आहे. सवय माझ्याकडे राहिली, आणि ज्यांची होती त्यांना मी दवाखान्यातून घालवलं. घालवलं हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. कितीतरी वर्षं मी स्वतःशी 'त्यांना जावं लागलं' असं म्हणत आलो.

कौसाबाई यंदा पावसाळा सरताना वारल्या. कळलं तेव्हा मी एका गोठ्यात गाभण गाय तपासत होतो. हात धुतले आणि बांधावर बसून राहिलो. मातीला जाण्याइतका वेळ नव्हता, आणि असता तरी तिथं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो, ठाऊक नाही.

राजूर आणि हसनाबादच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात जनावरांचा दवाखाना आहे. गावाचं नाव लिहीत नाही. चूक गावाची नव्हती. मी तिथं पशुधन पर्यवेक्षक म्हणून सात वर्षं होतो. डॉक्टर साहेबांकडे तीन गावांचा कारभार, त्यामुळे ते आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी दिवस दवाखाना माझ्यावर आणि कौसाबाईंवर. त्यांचे यजमान तिथंच परिचर होते. ते गेल्यावर बाईंना रोजंदारीवर घेतलं, झाडलोट आणि पाणी भरण्यासाठी. मी रुजू झालो तेव्हा त्यांना तिथं अकरा वर्षं झाली होती, आणि झाडलोटीपलीकडचं बरंच काही त्यांच्या हातात आलेलं होतं. जनावर धरणं, जखम धुणं, पट्टी बांधणं. आणि डोळे पुसणं.

ठेंगणा, घट्ट बांधा, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. बोलण्याची एक तऱ्हा होती, तिच्यावरून सगळं गाव त्यांची थट्टा करायचं. त्या जनावराला अहो म्हणत आणि मालकाला अरे. "धर रे नीट," असं मालकाला दटावून शेळीकडे वळत, "हं, इकडं बगा. लई दुखतंय का?" एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, कौसे, माझ्यापेक्षा माझ्या वगारीला मान जास्त का गं? बाई म्हणाल्या, "तुला घरी अहो म्हननारी हाय. ह्यांला कोन म्हनतंय?" डॉक्टरांना आणि मला मात्र त्या साहेबच म्हणायच्या. आम्हाला कधी अरे म्हटलं नाही. तेव्हा मला त्यात मान वाटायचा.

त्या सुमारास आमच्या भागातही घरोघरी पांढरी पामेरियन कुत्री आली. दुकानदार, शिक्षक, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांकडे. आणि सगळ्यांची तक्रार एकच: ह्याच्या डोळ्याखाली घाण साचते, तांबडी रेघ पडते, धुतली तरी जात नाही. त्यातून कुत्र्यानं रडणं आपल्याकडे अशुभ, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कुरकुर वेगळीच. माझ्याकडे पहिलं असं कुत्रं एका किराणा दुकानदारानं आणलं. मी नवा होतो, पदविकेचा ताठा होता. मी त्याला टिअर स्टेनवर एक लहानसं व्याख्यान दिलं. अश्रूंत एक लालसर द्रव्य असतं, त्याला हवा-उजेड लागला की ते तांबूस होतं, काळ्या कुत्र्यालाही तेवढंच पाणी येतं पण दिसत नाही, वगैरे. दुकानदार माना डोलावत होता. कौसाबाई झाडू भिंतीला टेकवून आल्या आणि म्हणाल्या, "ज्यात पानी पितंय ते भांडं घेऊन ये जा."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो घरी जाऊन आइस्क्रीमचा जुना प्लास्टिकचा डबा घेऊन आला. बाईंनी त्याच्या तळावरून बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या नाकापुढे धरलं. हिरवट, बुळबुळीत, आंबूस वासाचं.

"ह्यात तू पिशील का?"

बाईंनी त्याला स्टीलची वाटी घ्यायला सांगितली, ती रोज राखेनं घासायची, पाणी शिळं ठेवायचं नाही, दुकानातली क्रीमची बिस्किटं बंद. डोळ्याशेजारचे लांब केस माझ्याकडून बोथट कात्रीनं कापून घेतले. महिन्याभरानं तो कुत्र्याला दाखवायला आला. रेघ पार गेली नव्हती, पण डब्यात बुडून तांबूस झालेली हनुवटी पांढरी झाली होती आणि डोळ्याखाली कोरडं होतं. "एवढी राहनारच," बाई म्हणाल्या. "तो त्यांचा सोभाव हाय. तुझ्या तोंडावरचा वन जातो का धुतल्यानं?"

पुसण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. कापूस त्या कधीही वापरत नसत. त्याचे तंतू डोळ्यात राहतात म्हणायच्या. पौर्णिमेला विहारात नेसून जायची त्यांची पांढरी पातळं विरली की त्यांचे चौकोनी तुकडे करायच्या, पातेल्यात उकळायच्या, दोरीवर कडक उन्हात वाळवून डब्यात भरायच्या. उकळून गार केलेल्या पाण्यात एक तुकडा भिजवायचा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा. मग कोरड्यानं टिपायचं. एक डोळा, एक फडकं. घाईत मी एकाच तुकड्यानं दोन्ही डोळे पुसायला लागलो तर त्या माझा हात धरायच्या. साहेबाचा हात धरतोय याचं त्यांना भान नसायचं.

त्यांचं एक वाक्य मी पुढं किती लोकांना ऐकवलं असेल, त्यांचं नाव न घेता. "वाळला डाग पुसायचा, वला डाग इचारायचा." दोन्ही डोळ्यांखाली सारखी, जुनी, कोरडी रेघ असली तर काळजी नाही. एकाच डोळ्याखाली असली, ओली असली, नव्यानं आली असली, तर तिला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पदविकेच्या पुस्तकात हेच चार पानांत होतं.

एकदा बाजाराच्या दिवशी सलीमभाई नावाचे बैलांचे व्यापारी एक पांढराशुभ्र बैल घेऊन आले. त्याच्या उजव्या डोळ्याखाली काळपट ओघळ होता. "मावशी, जरा तोंड धुवून द्या ना जल्दी. गिऱ्हाईक आलं की त्या रेघेवरच अटकतंय." बाईंनी बैलाच्या भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, रेघ धुवायची तर गिऱ्हाइकाच्या पुढं धू, म्हंजे त्याला बी कळंल कुठून येती. सलीमभाई हसत म्हणाले, मावशी, तुम्ही माझा धंदाच बसवता बघा. पण बाईंनी त्यांचं मनगट धरून बैलाच्या शिंगाचं टोक दाखवलं. शिंग आत वळून पापणीच्या वर टेकलं होतं, बैलानं मान हलवली की घासायचं. डॉक्टरांकडून टोक कापून घेतलं, ओघळ आपोआप वाळला. सलीमभाईंनी पुढच्या बाजाराला मोसंब्यांची पिशवी आणून ठेवली. बाईंनी एक मोसंबं सोलून अर्धं मला दिलं आणि म्हणाल्या, "मानूस वाईट न्हाई. घाईत हाय बिचारा." त्या कोणाचं वाईट बोलल्या तरी असंच बोलायच्या. घाईत हाय.

माझ्या बाबतीतही त्यांनी हेच म्हटलं असेल का, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे.

गावात खताच्या दुकानांचे एक मालक होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. वजन मोठं, ओळखी थेट जालन्यापर्यंत. मला मुलांच्या शाळेसाठी जालन्याजवळ बदली हवी होती आणि तात्यांनी शब्द टाकतो म्हटलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. मुलीचं स्नोई नावाचं पामेरियन होतं, बाई त्याला सोनाबाई म्हणायच्या. लग्नाआधीचे फोटो काढायला संभाजीनगरहून फोटोवाला यायचा होता, आणि मुलीला कुत्रं फोटोत हवं होतं. रेघ नको होती.

तात्यांचा माणूस कुत्रं घेऊन आला आणि म्हणाला, परवा सकाळपर्यंत पांढरं झालं पाहिजे.

बाईंनी कुत्र्याला मांडीवर घेतलं. उजव्या डोळ्याखाली नेहमीची कोरडी रेघ. डाव्या डोळ्याखाली मात्र केस चिकट, ओले, आणि डोळा अर्धवट मिटलेला. बाईंनी त्या माणसाला विचारलं, कुठं फिरवलं व्हतं? त्यानं सांगितलं, चार दिवसांपूर्वी फोटोची जागा पाहायला टेकडीवर गेल्तो, तिथं वाळल्या गवतात लई पळालं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्याला काय लावू नका. डावा वला हाय. आत कुसळ असंल."

मी हो म्हणालो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालून, आतली तिसरी पापणी चिमट्यानं उचलून पाहणं त्यांचं काम. पण त्या माणसाच्या मोबाइलवर तात्यांचा फोन आला, त्यानं तो माझ्या हातात दिला. तात्या फार गोड बोलले. बदलीची फाइल कुठवर आली तेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं. मी बाईंना हापशावरून पाणी आणायला पाठवलं.

मोबाइलवर मी एक उपाय पाहिला होता. जखमा धुवायचं फेसाळ औषध कॉर्नफ्लोअरमध्ये कालवून त्याचा लेप रेघेवर द्यायचा, म्हणजे केस पांढरे होतात. डोळ्याच्या आत जाऊ द्यायचा नाही हेही त्यात सांगितलं होतं. मी कापसाचा बोळा घेतला. उजवी बाजू नीट झाली. डाव्या बाजूला कुत्र्यानं मान झटकली. लेप आत गेला. कुत्रं किंचाळलं तो आवाज मी विसरलेलो नाही. मी घाईनं डोळा धुतला, कापूस टोपल्यात टाकला, आणि त्या माणसाला सांगितलं, झालं, घेऊन जा. बाई घागर घेऊन आल्या तेव्हा मी नोंदवही लिहीत होतो.

त्या नोंदवहीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक जनावरापुढे काय केलं आणि कोणी केलं याचे रकाने असत. टोचणं, तपासणं, औषध देणं माझ्या किंवा डॉक्टरांच्या नावावर. धुणं, पुसणं, साफ करणं परिचराच्या नावावर, मग ते काम प्रत्यक्षात कोणीही केलेलं असो. अशी पद्धतच पडलेली होती. सफाई साहेबाच्या नावापुढे लिहायची नसते, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांना येत होतं. मी सवयीनं लिहिलं, दोन्ही डोळे साफ केले, कौसाबाई. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं. पण ते लिहिताना मनात काहीच नव्हतं, हेच मला आता जास्त वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. कुत्र्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा. डॉक्टरांनाही त्यांनी फोन करून बोलावून घेतलं होतं, ते टेबलाशी होते. तात्यांनी आवाज चढवून विचारलं, हे कोणी केलं? डॉक्टरांनी नोंदवही उघडली.

मला खोटं बोलावं लागलं नाही. फक्त गप्प राहावं लागलं.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहून विचारलं, तुम्ही पुसला का हा डोळा? बाईंचं कायम करण्याचं प्रकरण त्याच महिन्यात वर जायचं होतं. अठरा वर्षांच्या रोजंदारीनंतर. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खाली, नोंदवहीच्या पानाकडे पाहत होतो. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, आधी त्या डोळ्यातलं कुसळ काढा. माझं मागून पाहू."

कुसळ निघालं. तिसऱ्या पापणीच्या मागे, गव्हाच्या दाण्याएवढं. डॉक्टरांनी चिमटा उजेडाकडे धरला. कुसळानं बुबुळावर आधीच ओरखडा काढला होता, आणि त्या ओरखड्यावर माझा लेप गेला होता. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. तात्या म्हणाले, आंधळं कुत्रं मला लग्नाच्या घरात नको. आणि ही बाई उद्यापासून इथं दिसता कामा नये. डॉक्टर भला माणूस होता, पण त्यालाही बदली होती, मुलं होती. बाईंनी डब्यातली फडकी पिशवीत भरली. कुत्र्याला खांद्यावर घेतलं, "चला सोनाबाई," म्हणाल्या आणि गेल्या.

चार महिन्यांनी माझी बदली झाली.

त्यानंतरचं मला सलीमभाईंकडून कळत गेलं. ते फिरतीवर भेटायचे. दवाखाना सुटल्यावर बाई खुरपायला, वेचणीला जायच्या. पोटापुरतं होत होतं. पण एक गोष्ट त्यांना लागली होती. पूर्वी गल्लीतल्या बाया शेळीचं करडू, कोंबडी, मांजर घेऊन त्यांच्या दारात यायच्या. आता कोणी येत नव्हतं. कौसाकडं जाऊ नको, डोळ्यात फूल पाडती, असं बाया बोलायच्या. सलीमभाई म्हणाले, बाईंनी एकदाच तोंडातून काढलं: नोकरी गेली त्याचं काय न्हाई, सलीम. माझ्या हाताचं नाव गेलं.

हे ऐकूनही मला सहा वर्षं लागली. त्या वर्षांचा हिशोब देणार नाही. तो देता येत नाही. एका उन्हाळ्यात माझ्या थोरल्या मुलीनं घरी पांढरं पिल्लू आणलं. ती त्याचा चेहरा पुसत होती, एकाच कापडानं दोन्ही डोळे. मी तिचा हात धरला. तिनं विचारलं, बाबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी सांगायला तोंड उघडलं, आणि कौसाबाईंचं नाव बाहेर येईना.

त्या रविवारी मी घडलं ते सगळं एका कागदावर लिहिलं. एक प्रत कार्यालयात दिली. तिथं पुढं माझं जे व्हायचं ते झालं, ते रास्तच होतं. बाईंना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचं वय निघून गेलं होतं. दुसरी प्रत घेऊन मी गावी गेलो.

गावाच्या कडेच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. सकाळचे नऊ वाजले असतील. समोरच्या नळावर बायांची रांग होती, पलीकडे एक माणूस फवारणीचा पंप उघडून बसला होता. बाई ओट्यावर बसल्या होत्या, केस पुष्कळ पांढरे झालेले, शेजारी पातेलं आणि फडक्यांचा डबा. मांडीवर सोनाबाई. आता म्हातारी, पण पांढरी स्वच्छ. मला पाहून बाई म्हणाल्या, या साहेब, बसा. जशी मी कालच रजा टाकली होती.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की तो डोळा मी पुसला होता. त्यांनी मान हलवली.

"मला तवाच कळल्तं. टोपल्यात कापूस व्हता, त्याला फेस आल्ता. मी कधी कापूस वापरते का?"

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताल म्हून थांबले," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी कागद पुढे केला. म्हणालो, मी सगळं लिहून दिलं आहे, ही तुमच्यासाठी प्रत. त्यांना वाचता येत होतं. दवाखान्यात औषधांच्या बाटल्या त्याच लावायच्या. पण त्यांनी कागद घेतला नाही. त्यांचे हात ओले होते. त्यांनी एक तुकडा पाण्यात भिजवून पिळला.

"मी वाचून काय उपेग? मला तर ठावंच हाय. तुमी वाचा. मोठ्यानं वाचा."

नळावरच्या बाया आमच्याकडे पाहायला लागल्या होत्या. पंपवाल्यानं हात थांबवला. मी कागद उघडला. वर तारीख, खाली कार्यालयाचा पत्ता, विषय, संदर्भ, हे सगळं मी खणखणीत वाचलं. ते सोपं होतं. मग मजकूर आला. सदर श्वानाचा डावा डोळा ओला असल्याने त्यास काहीही लावू नये, असे परिचर कौसाबाई यांनी मला स्पष्ट सांगितले होते. त्या उपस्थित नसताना मी स्वतः, इथपर्यंत वाचलं. पुढची ओळ मी जवळजवळ ओठांतल्या ओठांत वाचली.

बाईंनी मान वर केली नाही. ज्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं त्याच्या आतल्या कोपऱ्यावर त्यांनी फडकं ठेवलं, हलक्या हातानं बाहेरपर्यंत एकदाच नेलं, आणि बाजूला टाकलं.

"ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "परत वाचा."

मी ओळ पहिल्यापासून वाचली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी. त्यांनी डब्यातून नवं फडकं घेतलं आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळल्या.